दुकालूने बार उचलला होता

रायपूरला बर्फ पडत नाही. मे महिन्यात इथलं डांबर चपलेला चिकटतं, आणि जानेवारीत आम्ही स्वेटर घालतो तो कपाटात आहे म्हणून. तरी बर्फ उडवायचं यंत्र बनवलेला एक माणूस या गावात राहतो, तो म्हणजे मी. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "काका, कारखान्यातले गमतीचे अनुभव लिहा, आणि ते बर्फाच्या मशीनचं तर लिहाच," तेव्हा मी लगेच हो म्हणालो. ती गोष्ट मी कोजागिरीच्या दुधावर दोनदा रंगवून सांगितली आहे आणि दोन्ही वेळा लोक पोट धरून हसले आहेत. दोन्ही वेळा मी ती सोयीच्या जागी थांबवली होती. या वेळी थांबवणार नाही.

आमचं घर तात्यापाऱ्यात, पाच-सहा पिढ्यांचं. पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या दप्तरात लिहिण्याचं काम करायला इकडे आले, आणि पुढच्या सगळ्यांनी कोर्टात, तहसिलीत नाहीतर शाळेत लिहिण्याचंच काम केलं. वेल्डिंगचा होल्डर हातात धरणारा घरातला पहिला मी. वडील पाहुण्यांना सांगत, "मुलगा मशिनरीत आहे," आणि विषय बदलत.

भनपुरीला माझं शेड होतं. छत्तीसगड म्हणजे धान आणि धान म्हणजे राइस मिल. मिलमध्ये दोन गोष्टींवाचून पान हलत नाही. एक स्क्रू, म्हणजे लोखंडी पात्यांचं लांबलचक मळसूत्र. ते फिरत फिरत तांदूळ किंवा कोंडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ढकलत नेतं. दुसरा ब्लोअर, म्हणजे डब्यातला दांडगा पंखा; तो भुसा ओढतो आणि पाइपातून दूर फेकतो. चाळीस वर्षं मी हे दोनच पदार्थ रांधले. बिघडले तर दुरुस्त केले, नवे हवे तर नवे केले. बुधराम वेल्डर पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण मरेपर्यंत मला मालिकच म्हणणार.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एका मिलवाल्या शेठचा ब्लोअर फार खडखडायचा. मी पंखा तोलून, बेअरिंग बदलून असा केला की कान लावावा तरी ऐकू येऊ नये. आठ दिवसांत शेठ परत आला. म्हणे, "मिस्त्रीजी, आवाज वापस डाल दो." त्याचं घर मिलच्या वर होतं, आवाज आला की मिल चालू आहे हे त्याला पलंगावरून कळायचं, आता प्रत्येक वेळी जिना उतरून पाहायला लागत होतं. मी एक पट्टी मुद्दाम सैल ठेवून दिली. चांगलं काम बिघडवून देण्याची माझी ती पहिली वेळ, आणि मला तिचा अभिमान वाटला होता.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'डायरेक्ट'. यंत्र बनवणारा माणूस त्यात जागोजागी राखणदार बसवतो. झाकण उघडलं की मोटर बंद, पट्टा सरकला की मोटर बंद. कागदावर हे छान असतं. मिलमध्ये धूळ बसून तेच स्विच दिवसातून दहा वेळा मोटर बंद करतात, मालक ओरडतो, आणि मिस्त्री येऊन स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून देतो. यालाच म्हणतात डायरेक्ट करणं. राखणदार खुर्चीवर बसलेला दिसतो, पण झोपलेला असतो. मी किती स्विच डायरेक्ट केले असतील याला गणती नाही. तपासून घ्या, या गावातल्या प्रत्येक मिस्त्रीने केले आहेत. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

असो. एका पावसाळ्यात विनू आला. विनू बूढापाऱ्यातला, माझ्या शाळासोबत्याचा मुलगा, रस्त्यांची कंत्राटं घेतो. त्याने हिमाचलात एका बोगद्याच्या तोंडाशी असलेला रस्ता हिवाळाभर मोकळा ठेवायचं काम उचललं होतं. त्याच्याकडे एक जुना स्किड लोडर होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: हा बुटका, मोटारीएवढा लोडर. पुढची बकेट काढून तिथे दुसरं कुठलंही अवजार लावता येतं, आणि मशीनच्या तेलाच्या दाबावर ते अवजार चालतं. ड्रायव्हर पिंजऱ्यात बसतो. चढण्या-उतरण्याची वाट एकच, समोरून, अवजाराच्या अंगावरून. बसल्यावर त्याच्या मांडीवर एक लोखंडी बार खाली येतो. बार खाली असेल तरच मशीन काम करते. बार वर उचलला की इंजिन चालू असलं तरी चाकं बंद, अवजार बंद. म्हणजे उतरणारा माणूस सुरक्षित. एवढं एक नीट ध्यानात ठेवा.

"काका, चाळीस वर्षांपासून तुम्ही भुसा उडवून राहिले," विनू म्हणाला, "मंग बर्फ काहून नाही उडणार?"

"अरे, मी बर्फ पाहिला नाही कधी."

"मी तरी कुठं पाहिला? बाहेरून मागवा म्हणलं तर हिवाळा निघून जाते. तुम्ही बनवून द्या ना. तुमच्याशिवाय कोणाले जमणार नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून जो विरघळत नाही असा मिस्त्री मला अजून भेटायचा आहे.

त्याच्याबरोबर ऑपरेटर आला होता, दुकालू. ज्या साली पाऊस दगा देतो त्या साली जन्मलेल्या पोराला इकडे हे नाव देतात. आरंगच्या पुढच्या एका गावचा, पस्तिशीचा, किडकिडीत. लोखंडाच्या कारखान्यात पट्ट्यांखालची राख उपसायला त्याने दहा वर्षं असाच लोडर चालवला होता. त्याचा हात मी पाहिला आहे. जमिनीवर ठेवलेला चहाचा कप त्याने बकेटच्या धारेने चहा न सांडता हातभर सरकवला होता. त्याची एक सवय होती, जे करायचं ते तोंडाने म्हणायचं. उतरताना दर वेळी म्हणायचा, "बार ऊपर, दुकालू नीचे." बुधराम त्याची नक्कल करून हसायचा. कारखान्यात एक माणूस पट्ट्यात गेलेला पाहिल्यापासून ही सवय लागली, असं त्याने मला एकदा सांगितलं.

मग आम्ही बर्फाची चौकशी सुरू केली. बर्फ कसा असतो, हे ज्याला विचारावं तो वेगळं सांगे. पंडरीतला एक कापडवाला मधुचंद्राला मनालीला गेला होता. तो म्हणाला, कापसासारखा. कापूस म्हटल्यावर मी खूश झालो. कापूस म्हणजे भुशाचा भाऊ. मी भुशाचा ब्लोअर घेतला, त्याला पुढून तोंड केलं, आणि बर्फ आपोआप ओढला जाईल असं धरून चाललो. बर्फ कारखान्यातून लाद्या आणल्या, घण घालून फोडल्या, ढीग केला आणि यंत्र त्यात घातलं. एक घरघर झाली, पंख्याचा गळा भरला आणि काम संपलं.

बुधरामने यंत्राच्या तोंडात बोट घालून तो चिखल बाहेर काढला. "मालिक, ये भूसा नहीं है. ये तो भीगा चोकर है. ये खुद से नहीं आएगा, इसको लाना पड़ेगा."

चोकर म्हणजे कोंडा. तिथे माझी चूक मला दिसली. भुसा हवेबरोबर येतो, बर्फ येत नाही. मग नवा घाट घातला. पुढून सताड उघडा, सहा फूट रुंद पेटारा. त्यात आडवा स्क्रू. अर्धा उजव्या वळणाचा, अर्धा डाव्या, म्हणजे दोन्ही बाजूंचा बर्फ मधोमध येईल. मध्यभागी मागे चार जाड पात्यांचा पंखा, जो तो बर्फ वर भिरकावेल, आणि त्याच्यावर वाकड्या मानेचं धुराडं, हव्या त्या बाजूला वळणारं. तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर विनूने कुठल्याशा मोडीत काढलेल्या क्रेनची आणली. तीन आठवडे मी आणि बुधराम नवलाईने काम करत होतो. आयुष्यभर तेच ते करणाऱ्या माणसाला साठीनंतर नवं काही करायला मिळणं ही काय चीज असते, ते मी सांगू शकत नाही. शोभा, माझी बायको, म्हणायची, "लग्नात बी इतके खूश नव्हते दिसून राहिले तुम्ही."

चाचणीच्या दिवसांत दुकालू गावी गेला होता, त्याच्या आईची तब्येत बिघडली म्हणून. लोडर मीच चालवत होतो. अडचण अशी, की पिंजऱ्यात बसल्यावर पंखा दिसत नाही, आणि पाहायला उतरावं तर बार उचलावा लागतो आणि पंखा थांबतो. घासतंय कुठे, ते कळायला मार्ग नव्हता. बुधरामचं गुडघेदुखीमुळे त्या पिंजऱ्यात चढणं बंद होतं, आणि घासणारी जागा मला माझ्याच डोळ्यांनी पाहायची होती. मी सीटखाली हात घातला, बारच्या स्विचच्या दोन वायरी शोधल्या आणि वीतभर तांबड्या तारेने एकमेकींना जोडून टाकल्या. दोन मिनिटांचं काम. आता बार वर असो की खाली, पंखा चालू राहणार होता. मी उतरून समोर उभा राहिलो, पात्याची कड घासत होती ती पाहिली आणि ग्राइंडरने काढली.

दुसऱ्या दिवशी मोठी चाचणी केली. बर्फाचा चुरा, त्यात ओला कोंडा कालवलेला, कमरेएवढा ढीग. आजूबाजूच्या शेडांतले सगळे जमले. मी यंत्र ढिगात घातलं आणि धुराड्यातून तो पांढरा फवारा असा उठला की आमच्या पत्र्यावरून पलीकडे गेला. पलीकडे प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. तिथले मॅनेजर उन्हात खुर्ची टाकून डबा खात होते. रायपूरच्या इतिहासात भाजी-पोळीवर बर्फ पडलेला तो एकच माणूस. ते डबा तसाच हातात घेऊन आमच्या फाटकात आले, डोक्यावर कोंडा, मिशीत बर्फ, आणि एवढंच म्हणाले, "ये क्या है?"

कोजागिरीला मी गोष्ट इथे थांबवतो.

ट्रेलर ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आला. दुकालू गावाहून परस्पर रेल्वेने पुढे जाणार होता. मशीन चढवली, ताडपत्री घातली, बारा ठिकाणी दोर आवळले. नारळ फोडला. ट्रेलरच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं आणि त्या आवाजाबरोबर मला तार आठवली.

गेली काही वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी विसरलो होतो. ते खोटं आहे. मला आठवलं होतं. मी हात वर करून ड्रायव्हरला थांबवलंसुद्धा. पण ताडपत्री सोडायची, दोर परत बांधायचे, लोकांसमोर सांगायचं की काहीतरी राहिलं. आणि राहिलं तर काय, एक स्विच डायरेक्ट राहिला. हजार ठिकाणी राहिले आहेत. फोनवर दुकालूला सांगू, तो काढेल. मी हात तसाच पुढे नेऊन ट्रेलरच्या बोनेटला नमस्कार केला, आणि ड्रायव्हरला वाटलं मला तेच करायचं होतं.

डिसेंबरात दुकालूचा फोन आला, चेहरा दिसणारा. पिंजऱ्यात बसल्या बसल्याच त्याने मोबाइल फिरवून दाखवलं. सगळीकडे पांढरं, आणि त्यात आमचं यंत्र, आमच्या हातचा निळा रंग, धुराड्यातून कमान टाकतंय. मी शोभाला हाक मारली, शेजाऱ्यांना हाक मारली.

"कका!" दुकालू ओरडत होता. छत्तीसगडीत काकाला कका म्हणतात. "बिहनिया पिसान असन हे, मंझनिया साने पिसान!" सकाळी बर्फ पिठासारखा असतो आणि दुपारी मळलेल्या कणकेसारखा. इतक्या लोकांना विचारून जे कळलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. मग म्हणाला, "दोपहर को चोक हो जाता है कका, पंखे के पास. कैसे निकालूँ? इंजन बंद करता हूँ तो ठंड में फिर चालू नहीं होता."

"इंजन चालू रहने दे," मी म्हणालो. "बार उठाना, उतरना, और साफ कर लेना."

"हव कका."

मी कौतुकाने इतका फुगलो होतो, की तारेचं त्या वेळी मनात आलं नाही. पण तोंडाने मी हेच सांगितलं. चाळीस वर्षांच्या सवयीने, नवशिक्याला सांगतात तसं.

दोनच दिवसांनी विनूचा फोन आला. दुकालूच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. अंगठा तेवढा राहिला.

कसं झालं ते मला विचारावं लागलं नाही. पंख्याचा गळा ओल्या बर्फाने भरला. पंखा अडला, म्हणून थांबलेला दिसत होता, पण तेलाचा दाब मागून लोटतच होता. तोवर तो दर वेळी इंजिन बंद करूनच उतरला होता, म्हणून बार वर असला तरी पंखा चालतो हे त्याला दिसलंच नव्हतं. या वेळी त्याने माझ्या सांगण्याप्रमाणे इंजिन चालू ठेवून बार उचलला, उतरला, आणि थांबलेल्या पंख्यात हात घालून बर्फ मोकळा केला. बर्फ सुटला तसा पंखा फिरला.

विनूने माणुसकी सोडली नाही. तिथल्या इस्पितळात स्वतः राहिला, दुकालूला विमानाने घरी आणलं. पण त्याचं म्हणणं एकच होतं. "काका, बार न उचलता, खालूनच सरकून उतरला आन हात घातला त्यानं. थंडीत घाई केली. कबूल बी करून नाही राहिला."

दुकालू म्हणत होता, मी बार उचलला होता. मी तोंडाने म्हटलंसुद्धा होतं. सगळे त्याला समजुतीने सांगत, बाबा, बार उचलला की पंखा बंद होतो, मग तो फिरला कसा?

अपघातापासून तशीच उभी असलेली मशीन मार्चात परत आली आणि विनूने ती माझ्याच शेडमध्ये आणून उभी केली. म्हणाला, "उद्या दुकालूले घेऊन येतो. त्याच्यासमोर चेक करून टाका एकदा. मले बी चैन नाही पडून राहिलं. मशीनचीच काही चूक असली तर माहीत तरी पडन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुधरामच्या आधी शेडवर गेलो. सीट उचलली. तांबडी तार होती तिथे होती. मी ती काढली, दोन्ही वायरी होत्या तशा स्विचला लावल्या, सीट बसवली. पोलीस नव्हते, खटला नव्हता, मला कसलीच भीती नव्हती. फक्त नाव होतं. मशिनरीतला माणूस म्हणून या गावात मी जे कमावलं होतं ते.

दुकालू आला. उजव्या हाताला पांढरं फडकं. तो म्हणाला, "कका, मैं खुद बैठूँगा." डाव्या हाताने धरून चढला. बार खाली घेतला, पंखा फिरला. बार वर उचलला, पंखा थांबला.

त्याने पाहिलं. "एक बार और," म्हणाला. बार खाली, पंखा चालू. बार वर, पंखा बंद. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तो बार अर्ध्यावर धरून बराच वेळ बसून राहिला.

"चालते ना काका व्यवस्थित?" विनूने मला विचारलं.

"चालते," मी म्हणालो.

दुकालू उतरला. या वेळी तोंडाने काही म्हणाला नाही. विनूकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "तो फिर मैंने ही नहीं उठाया होगा, कका. मेरे को तो पक्का याद था."

बुधराम भट्टीपाशी उभा होता. मोठ्या चाचणीच्या आदल्या दिवशी ती तार त्यानेच मला कापून दिली होती. त्या दिवसापासून त्याने माझ्याबरोबर चहा पिणं सोडलं; आपला पेला घेऊन बाहेर लिंबाखाली बसायचा. आम्ही आणखी दीड वर्ष शेजारी शेजारी काम केलं आणि मग मी शेड बंद केलं. लोकांना सांगितलं, डोळ्यांना झेपत नाही.

बर्फाचं यंत्र विनूने मोडीत काढलं. चांगलं यंत्र होतं. हे मी आजही म्हणतो, आणि म्हणताना लाज वाटते.

यंदा होळीनंतर बुधराम घरी आला. तो कधी येत नाही. शोभाने खुर्ची दिली तर पायरीवर बसला. त्याची पुतणी दुकालूच्या गावात दिली आहे, तिथून त्याने ऐकलं होतं.

"मालिक, दुकालू को चौकीदारी का काम लगा था, छोड़ दिया," तो म्हणाला. "बोलता है, ताला लगाया कि नहीं, मेरे को याद नहीं रहता. दस बार उठके देखता है. अपने बच्चे को साइकिल पर नहीं बिठाता. बोलता है, मेरे याद रखने का कोई भरोसा नहीं." मग म्हणाला, "उँगली गई तो गई, मालिक. बाकी तो वापस दे दो."

तो गेल्यावर शोभाने विचारलं, "काय वापस द्या म्हणून राहिला तो?" मी तिला सगळं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मग चिडली. "इतके वर्ष पोटात ठेवून राहिले तुम्ही? आन मी जगाले सांगून राहिली, माझा नवरा कसा सरळ माणूस. जा. आजच जा. मले तोंड नका दाखवू तोवर."

आधी विनूकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, आता काहून उकरून काढून राहिले? त्याले मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं ना." नंतर त्याने गाडीची किल्ली काढली आणि परत खिशात ठेवली. "तुम्ही जा एकटे. मी उद्या जातो. मले हिंमत नाही होऊन राहिली."

मी बसने गेलो. दुकालूचं घर गावाच्या टोकाला, शेणाने सारवलेलं अंगण, कुंपणाला दोडक्याचे वेल. तो डाव्या हाताने दोर वळत होता, उजव्या अंगठ्याने दाबून धरत होता. मला पाहून लगबगीने उठला, खाट टाकली, पाया पडायला वाकला. मी त्याला वाकू दिलं नाही. उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर आधी चहा आला असता.

सगळं सांगितलं. तार, ताडपत्री, फोन, आणि ती सकाळ, जेव्हा मी सीटखालून तार काढली. तो मान खाली घालून ऐकत होता. मी थांबलो तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "मतलब बार ऊपर होने से भी पंखा चलता?"

"चलता."

"और उस दिन, आपके यहाँ, तार नहीं था."

"नहीं था. सवेरे निकाल दिया था मैंने."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्याने हात उगारला असता तर बरं वाटलं असतं. पण तो घराकडे वळला आणि ओरडला, "सुनत हस ओ? एती आ! कका का कहत हे सुन! मंय बार उठाए रहेंव!"

त्याची बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. ती माझ्याकडे पाहतच राहिली. दुकालू हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो तिच्या खांद्याला धरून पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, उठाए रहेंव, मंय उठाए रहेंव; उचलला होता, मी उचलला होता. ती हसली नाही. तिने सगळं बरोबर समजून घेतलं होतं. माझ्याकडे पाठ करून ती ओट्यावर बसली.

मग दुकालू माझ्याकडे आला. चेहरा पुसला. आवाज बदलला होता, पहिल्यांदाच त्यात मला कका म्हणणारा दुकालू नव्हता.

"अब अम्मा को बताइए," तो म्हणाला. "उसने गाँव भर में लड़ाई की है मेरे लिए. जोर से बोलना पड़ेगा, कम सुनती है."

म्हातारी परसात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिला आणून खाटेवर बसवलं. आवाज ऐकून कुंपणापाशी चार-पाच जण येऊन उभे राहिले होते, एकाच्या डोक्यावर गवताचा भारा तसाच होता. मी तिच्या कानापाशी वाकलो आणि ओरडून सांगितलं की तुझ्या मुलाने बार उचलला होता, तो खोटं बोलला नाही, मशीनमध्ये तार होती.

ती मान डोलावत ऐकत होती. मग तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "अउ तार ला कोन लगाए रिहिस?"

"मैंने," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. तिने कान पुढे केला. मी पुन्हा, कुंपणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो.